हसू : नावे आणि जमा

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने इतिहासावर लिहू नये असा कुठे नियम नाही. असता तर एव्हाना त्याचे परिपत्रक आमच्या शाखेत आले असते, मी त्यावर 'वाचले' म्हणून सही केली असती आणि न वाचता ते फाइलला लावले असते. नियम नाही म्हणून लिहितो आहे. शिवाय शाळेत ज्या सनावळ्यांनी मला इतिहासाच्या तासाला हटकून झोप आणली, त्याच सनावळ्या आता मला गोड लागतात. वीस वर्षे आकड्यांत काढल्यावर माणसाचे असेच होते. ज्या गोष्टीत एकही आकडा नाही ती त्याला खरी वाटत नाही. परवा शेजारची लग्नपत्रिका आली, तर मी आधी मुहूर्ताची मिनिटे वाचली आणि वधूवरांची नावे मागाहून.

आजचा विषय आहे युद्धातला विनोद, आणि त्यातही व्यंगचित्रे. विषय ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "युद्धात कसला आलाय विनोद?" प्रश्न रास्त होता. लढाईत माणसे मरतात, घरे जळतात, तेलापासून तांदळापर्यंत सगळे महागते. तिथे हसण्यासारखे काय आहे? पण इतिहास उघडून बघा. जिथे जिथे तोफ गेली, तिथे तिथे तिच्या मागोमाग दौत आणि टाक घेऊन एक किरकोळ अंगाचा माणूस गेलेला आहे. आणि राज्यकर्त्यांनी तोफेइतकीच त्या माणसाचीही काळजी वाहिलेली आहे. कधी त्याच्या पाठीवर थाप मारून, तर कधी पाठीमागे पोलीस लावून.

असे का, हे मला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाने समजावले. त्या वर्षी शिकवलेल्यांपैकी एकच गोष्ट डोक्यात टिकली, ती म्हणजे दुहेरी नोंद. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एक नावे, एक जमा. युद्धातल्या हसण्याचेही तसेच असते. शत्रूवर हसलेले हसू जमेच्या बाजूला जाते. त्याने भीती कमी होते, छाती दोन इंच फुगते आणि सरकार खूश होते. आपल्याच सेनापतीवर, आपल्याच मंत्र्यावर, आपल्याच गप्पांवर हसलेले हसू नावे पडते. त्याने सरकारच्या कपाळाला आठी पडते. प्रत्येक युद्धात प्रत्येक सरकारला असे वाटते की जमेचे पान तेवढे ठेवावे आणि नावेचे फाडून टाकावे. पण एकाच बाजूच्या वहीला हिशेब म्हणत नाहीत. आमच्याकडे तिला अफरातफर म्हणतात.

आता गोंदियाच्या माणसाने युद्धावर बोलावे का, अशी कोणी शंका काढील. आमच्या गावावर कधी बाँब पडलेला नाही. आमच्याकडे पडतो तो पाऊस, आणि धान घरात आले की पडतो तो भाव. तरी संबंध अगदीच नाही असे नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी गावाजवळ बिरसीला धावपट्टी बांधली. त्या वेळी कलकत्त्याकडे जाणारी बंगाल-नागपूर रेल्वे गोंदियावरूनच धावत होती. आणि सर्वांत ताजा संबंध म्हणजे १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा झाला आणि दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, कारगिलच्या डोंगरात परके लोक शिरल्याची पहिली खबर मेंढपाळांनी लष्कराला दिली. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण आमच्याकडे पेन्शनला येणारे एक निवृत्त तलाठी अजून सांगतात, "जिल्हा झाला आन् तिकडे लगेच सुरू झालं जी. भंडाऱ्यातच राहिलो असतो तं बरं होतं."

हा विनोद कोणत्या बाजूला पडला, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

खरे सांगायचे तर आमच्या पूर्व विदर्भाला व्यंगचित्र छापखान्यातून शिकावे लागले नाही. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे तान्हा पोळा. त्या दिवशी पोरे लाकडाचे नंदीबैल घेऊन दारोदार फिरतात, आणि सकाळी गावाबाहेर मारबत काढतात. नागपूरची मारबत तर नामांकित. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. तिच्याबरोबर बडगे निघतात. बडग्या म्हणजे कागद, बांबू, गवत, जुने कपडे यांचा केलेला पुरुषभर पुतळा. त्याच्या गळ्यात पाटी. पाटीवर त्या वर्षीची पीडा. महागाई, साथीचा रोग, भ्रष्टाचार, सीमेपलीकडचा अतिरेकी, अलीकडचा पुढारी. 'घेऊन जा गे मारबत' असे ओरडत ही वरात गावाबाहेर न्यायची आणि पीडेला काडी लावायची.

यातली काळी मारबत म्हणजे भोसल्यांच्या घरातली बाकाबाई, असे लोक मानतात. १८१७ साली सीताबर्डीला भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली, भोसले हरले, आणि बाकाबाई इंग्रजांना धार्जिणी झाली हा राग लोकांच्या पोटात राहिला. बाई वारल्या १८५८ साली. पुतळा निघाला त्यानंतर तेवीस वर्षांनी. बँकेच्या कर्जाला तीन वर्षांची मुदत. तेवढ्यात दावा लावला नाही तर कायदा हात वर करतो. लोकांच्या चेष्टेला मात्र मुदतीचा कायदा लागू नाही. आणि मला या मिरवणुकीचे अप्रूप वाटते ते दुसऱ्याच कारणाने. तिच्यात शत्रूचा बडग्या आणि आपल्या माणसाचा बडग्या एकाच रस्त्याने, एकाच वाजंत्रीवर चालतात. नावे आणि जमा एकाच पानावर. असा स्वच्छ ताळेबंद मी भल्या भल्या कंपन्यांचा पाहिलेला नाही.

कागदावरच्या बडग्याकडे वळायचे तर पहिले नाव घ्यावे लागते डेव्हिड लो यांचे. जन्म न्यूझीलंडचा, नोकरी लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये. लढाई सुरू होण्याआधीच त्यांनी हिटलरला इतके चिडवून ठेवले होते की १९३७ साली लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला जाऊन आले ते तक्रार घेऊनच. परत आल्यावर त्यांनी लोंना भेटून सांगितले, जरा हात आवरता घ्या. म्हणजे एक मुत्सद्दी दुसऱ्या देशात काय करायला गेला, तर 'तुमच्या पोराने आमच्या पोराला वेडावून दाखवले' ही चाळीतली फिर्याद ऐकायला!

पण लोंचे वेडावणे पोरकट नव्हते. हिटलर आणि स्टालिन यांनी मिळून पोलंडचा घास घेतला, तेव्हा २० सप्टेंबर १९३९ रोजी त्यांचे एक चित्र आले. दोघे हुकूमशहा टोप्या काढून, कमरेत वाकून, एकमेकांना अदबीने शिव्या देत आहेत आणि मध्ये जमिनीवर एक प्रेत पडलेले आहे. व्याही-भेट असावी तसा थाट. पुढे जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला, इंग्लंड एकटे उरले. तेव्हाच्या चित्रात एक इंग्रज शिपाई समुद्राकाठच्या खडकावर उभा राहून, चाल करून येणाऱ्या विमानांना मूठ दाखवतो आहे आणि म्हणतो आहे, बरे तर, एकटे तर एकटे. यात विनोद फारसा नाही. पण ज्या गावातल्या लोकांना आज रात्री आपले छप्पर राहील की जाईल याची खात्री नव्हती, त्यांना त्या चित्राने काय दिले असेल याची कल्पना करता येते. ही जमेची बाजू, आणि मी तिला हलकी म्हणणार नाही. घाबरलेल्या माणसाला उभे करणारी रेघ मोठीच.

लोंची नावेची बाजूही भक्कम होती. कर्नल ब्लिम्प नावाचा एक गोल, टकला, ओठभर मिशांचा म्हातारा त्यांनी काढला. हा टर्किश हमामात टॉवेल गुंडाळून उभा असतो आणि देश कसा चालवावा यावर मूर्खासारखी मते देतो. तो शत्रू नव्हता. इंग्रजांच्याच क्लबांत, लष्करात, पार्लमेंटात असे शेकडो होते. १९४३ साली या नावाचा चित्रपट निघाला, तेव्हा खुद्द चर्चिल यांना तो बंद पाडावासा वाटला. ज्यांच्या हाती महायुद्ध होते त्या माणसाला टॉवेलातल्या म्हाताऱ्याची धास्ती वाटावी! चित्रपट निघालाच, आणि साम्राज्य त्यामुळे बुडले असे कोणी म्हटले नाही. त्याच्या बुडण्याची कारणे आपल्याकडे तयार होत होती.

हे लो साता समुद्रापलीकडचे असले तरी आपल्या व्यंगचित्रांच्या घराण्याचे ते मूळपुरुष आहेत. म्हैसूरला एक शाळकरी पोरगा वर्तमानपत्रात त्यांची चित्रे पाहत असे आणि खालची सही 'काऊ' अशी वाचत असे. म्हणजे ही सुंदर चित्रे कोणी गाय काढते, अशी त्याची बरेच दिवस समजूत होती. तो पोरगा म्हणजे आर. के. लक्ष्मण. मुंबईच्या जे. जे. कला शाळेने त्याच्यात पुरेसे गुण नाहीत म्हणून प्रवेश नाकारला, हा आपल्या परीक्षा पद्धतीचा आणखी एक विजय. इकडे मुंबईत प्रबोधनकार ठाकरे 'टाइम्स'मधली बॅनबेरी यांची युद्धावरची चित्रे मुलाला दाखवत आणि हात चालव म्हणत. तो मुलगा म्हणजे बाळ ठाकरे. पुढे चाळिशीच्या दशकात हे दोघे 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये एका छताखाली बसून चित्रे काढत होते. एकाने नंतर 'टाइम्स'मध्ये जाऊन चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस उभा केला. दुसऱ्याने १९६० साली 'मार्मिक' काढले, मग राजकारण काढले, आणि दुसऱ्यांच्या व्यंगचित्रांत जाऊन बसला. दोघांच्या बोटांना वळण लावले ते महायुद्धाने. इतक्या नासधुशीत एवढी एक गोष्ट तरी जमेला धरायला हरकत नाही.

आता नावेच्या पानावरच्या दोन नोंदी सांगतो. पहिली लंडनची. फिलिप झेक हे 'डेली मिरर'चे व्यंगचित्रकार. ६ मार्च १९४२ रोजी त्यांचे एक चित्र छापून आले. बुडालेल्या जहाजाचा एक खलाशी, काळ्या समुद्रात, फळकुटाला चिकटून पडला आहे. खाली एक ओळ, पेट्रोल एका पेनीने महागल्याची सरकारी घोषणा. बस्स. झेक म्हणत, मला एवढेच सांगायचे होते की लोकहो, पेट्रोल जपून वापरा, ते आणताना माणसे मरतात. मंत्रिमंडळाने वाचले ते निराळेच : खलाशी मरतात आणि तेलवाले नफा खातात, असे हा म्हणतो आहे! चर्चिल संतापले. गृहमंत्री मॉरिसन यांनी वर्तमानपत्र बंद करण्याची धमकी दिली. झेक यांच्यामागे गुप्त पोलीस लागले. चौकशीत निघाले काहीच नाही.

एक चित्र, एक ओळ आणि अर्थ दोन. यात चूक कोणाची? माझे मत विचाराल तर चित्रकाराची नाही. ज्याच्या मनात नफेखोरीचा विचार आधीच होता त्यालाच ती चित्रात दिसली. आमच्याकडेही खात्यात गडबड असलेला माणूस शिपायाने सहज 'काय चाललंय?' म्हटले तरी दचकतो.

गंमत पुढे आहे. याच झेक यांनी ८ मे १९४५ रोजी, युरोपातली लढाई संपली त्या दिवशी, एक चित्र काढले. डोक्याला पट्टी बांधलेला जखमी शिपाई युद्धाच्या राखेतून चालत येतो आणि विजय नि शांतता आपल्या हाती देऊन म्हणतो, घ्या, पुन्हा हरवू नका. तेच चित्र दोन महिन्यांनी निवडणुकीच्या दिवशी पहिल्या पानावर पुन्हा छापले गेले. त्या निवडणुकीत चर्चिल पडले. ते एका चित्राने पडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण तीन वर्षांपूर्वी ज्याची वही फाडायला निघालो होतो त्याच्याच वहीत आपला अखेरचा शिल्लक आकडा लिहिला जावा, यात काही न्याय आहे.

दुसरी नोंद अमेरिकेची. बिल मॉल्डिन हा साधा सार्जंट, वय तेवीस. लष्करी वर्तमानपत्रात तो दोन शिपाई काढत असे. चिखलाने माखलेले, दाढी वाढलेले, झोपेला आणि अधिकाऱ्यांना कंटाळलेले. जनरल पॅटन म्हणजे इस्त्रीचा माणूस. त्यांनी मार्च १९४५ मध्ये या पोराला समोर बोलावून झापले. असले गबाळे शिपाई काढून तू फौजेत बंडखोरी माजवतोस. पोराने ऐकून घेतले आणि परत जाऊन पुन्हा गबाळेच शिपाई काढले. वरचे सेनापती आयझेनहॉवर त्याच्या पाठीशी होते. त्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. खंदकातल्या शिपायांना ती चित्रे जीव की प्राण होती, कारण वर्तमानपत्रांतल्या बाकीच्या सगळ्या शिपायांनी दाढी केलेली असे आणि ते आपण नव्हे हे त्यांना ठाऊक होते.

इथवर हसत आलो. पण इंग्लंड-अमेरिकेत नावेच्या हसण्याला धमकी आणि कानउघाडणी एवढीच किंमत पडली. जर्मनीत तिचे बिल निराळे होते, आणि हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही.

एरिख ओझर नावाचा जर्मन व्यंगचित्रकार होता. १९३४ ते १९३७ या काळात त्याने 'बाप आणि मुलगा' अशी एक बिनशब्दांची चित्रमाला काढली. मिशाळ, ढेरपोट्या बाप आणि उपद्व्यापी पोरगा. ती पाहताना भाषा येत नसली तरी अडत नाही. आमच्या घरी धाकट्याने ती बघून मला उगाच अर्थपूर्ण हसून दाखवले. नाझी येण्याआधी ओझरने हिटलर-गोबेल्सवर चित्रे काढली होती, त्यामुळे त्याच्यावर बंदी आली. मग टोपणनावाने काम मिळाले. युद्ध सुरू झाल्यावर त्याने सरकारी साप्ताहिकात शत्रुराष्ट्रांवर चित्रे काढली. म्हणजे दिवसभर नोकरी जमेच्या बाजूची. आणि घरी, मित्राशी बोलताना, गोबेल्सवर विनोद. दोन बाजूंचा हिशेब माणसाला इतका आवश्यक असतो की कागदावर जागा मिळाली नाही तर तो तोंडी ठेवतो.

शेजाऱ्याने ते विनोद टिपून ठेवले आणि वर कळवले. मार्च १९४४ अखेर ओझर आणि त्याचा मित्र, लेखक एरिख क्नाउफ, दोघांना अटक झाली. खटल्याच्या आदल्या रात्री ओझरने कोठडीत स्वतःचा जीव घेतला. क्नाउफला २ मे १९४४ रोजी मृत्युदंड दिला गेला. आणि मग त्याच्या बायकोकडे सरकारी खर्चाचे बिल आले. एकूण ५८५ मार्क ७४ फेनिग. खटल्याचा खर्च, कोठडीचा खर्च, शिक्षा अमलात आणल्याचा खर्च, आणि शेवटी हे बिल टपालाने पाठवल्याचे १२ फेनिग.

मी आजवर हजारो व्हाउचरे तपासली. या एका कागदाचा विचार मात्र डोक्यातून जात नाही. कुठल्या तरी कचेरीत माझ्यासारखाच एक कारकून बसला असेल. त्याने रकाने आखले असतील, बेरीज दोनदा ताडून पाहिली असेल, टपालाचे १२ फेनिग राहिले होते ते आठवणीने घातले असतील आणि मग जेवायला गेला असेल. त्याच्या बेरजेत चूक नसावी. आणि त्या देशात तोपर्यंत असे कोणी उरले नव्हते, ज्याने त्याला म्हणावे, अरे गाढवा, कशाचे बिल करतो आहेस? असे म्हणणारा माणूस म्हणजेच व्यंगचित्रकार. तो गेला की बेरजा बरोबर येत राहतात.

आपल्याकडेही त्या युद्धात एक पान असे आहे, जिथे कोणाला हसू आलेले नाही. १९४३ साली बंगालात लाखो माणसे भुकेने मेली. चित्तप्रसाद नावाचा तरुण चित्रकार दुष्काळी गावे पायी फिरला, पाहिले ते काळ्या शाईत काढले आणि 'हंग्री बेंगाल' नावाने पुस्तक केले. सरकारने त्याच्या पाच हजार प्रती जप्त करून जाळल्या. हाच चित्तप्रसाद एरवी व्यंगचित्रे काढणारा, चांगला हसरा हात असलेला. पुढे तो मुंबईला अंधेरीत येऊन राहिला. त्या चित्रांत चेष्टा कुठेच नाही, पण सरकारला ती चेष्टेपेक्षा झोंबली. तांदळाच्या गावात राहणाऱ्या माणसाला ती बघवत नाहीत. जी रेल्वे आमच्या स्टेशनावरून जात होती तिच्या दुसऱ्या टोकाच्या मुलखात मूठभर तांदळासाठी माणसे मरत होती, आणि ते कागदावर काढणे हा युद्धातला अपराध होता.

स्वातंत्र्यानंतर हिशेबनीस आपलेच झाले. १९४८ साली 'शंकर्स वीकली' निघाले तेव्हा नेहरूंनी शंकर यांना सांगितले, मलाही सोडू नका. शंकर यांनी तो सल्ला मनापासून पाळला. १९६२ साली चीनपुढे हार झाली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले. त्यांचे नाक आणि त्यांची काठी हे व्यंगचित्रकारांचे आधीपासूनचे भांडवल होते. १९७१ साली याह्याखानांच्या भुवयांनी कित्येकांची रोजीरोटी चालवली. बांगला देशाच्या कमरुल हसन यांनी तर याह्याखानांचा असा राक्षस काढला की ते भित्तिचित्र त्या लढ्याची खूणच झाले. त्या युद्धासाठी डिसेंबर १९७१ मध्ये पुकारलेली आणीबाणी मात्र, लढाई चौदा दिवसांत संपूनही, मार्च १९७७ पर्यंत कागदोपत्री चालूच राहिली. तिच्या जोडीला १९७५ साली दुसरी आली. त्याच वर्षी 'शंकर्स वीकली' बंद झाले. आपल्याकडे खाते उघडायला एक अर्ज लागतो आणि बंद करायला सात, हा अनुभव फक्त बँकेतलाच नव्हे.

आता टाक गेला, दौत गेली. मे २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर आपल्या फौजांनी सीमेपलीकडे हल्ले केले, त्या तीन-चार दिवसांत प्रत्येकाच्या खिशातला फोन हाच व्यंगचित्रांचा छापखाना झाला. शेजारी देशाच्या कंगालपणावर, त्यांच्या पंतप्रधानांवर, त्यांच्या विमानांवर. ओझरला जी चित्रे काढायला आठवडा लागे तसली मिनिटाला शंभर. सगळी जमेची. त्यात ८ तारखेच्या रात्री काही वृत्तवाहिन्यांनी थेट कराची बंदर उडवून दिले. सकाळी ते जागच्या जागी होते.

त्या सकाळी आमच्या शाखेत पासबुक छापायचे यंत्र बंद होते, म्हणजे रोजच्यासारखाच दिवस होता. काउंटरपुढच्या बाकावर चार जण एका फोनवर वाकून खिदळत होते. आमगावकडच्या एक मावशी माझ्यापुढे पासबुक घेऊन उभ्या राहिल्या. मुलगा फौजेत, राजस्थानच्या बाजूला. दोन दिवस फोन नाही. "पगार आला का, तेवढं पाहा जी," म्हणाल्या. पगार महिनाअखेरीलाच आला होता. तो आकडा मुलगा आज ठीक असल्याचा पुरावा नव्हे, हे मला माहीत होते आणि त्यांनाही. पण त्यांना काही तरी छापलेले हवे होते. मी हाताने नोंद करून शिक्का मारून दिली.

बाकावरचे चौघे एव्हाना गप्प झाले होते. काही तरी बोलायचे म्हणून आमचा शिपाई म्हणाला, "घाबरू नका मावशी, टीव्हीवाल्यानं सांगितलं, काल राती आपल्या फौजेनं कराची घेतली."

मावशींनी पासबुक पिशवीत ठेवले. "माझा पोरगा तं तिकडंच आहे जी," म्हणाल्या. "त्याले न सांगताच घेतली का?"

बाक हसले, शिपाई हसला, रोखपालसाहेब काचेआड हसले आणि मावशीही हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसत असाव्यात असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. चौघांच्या फोनमधल्या शंभर चित्रांनी जे झाले नव्हते ते त्या एका वाक्याने झाले. ज्यांचे या युद्धात काही पणाला लागलेले नव्हते ते शत्रूवर हसत होते. ज्यांचा मुलगा पणाला लागला होता त्या आमच्या फुशारकीवर हसल्या. दुसऱ्या दिवशी, १० तारखेला, शस्त्रसंधी झाली. मग मुलाचा फोन आल्याचे सांगायला मावशी मुद्दाम आल्या. यंत्र अजून बंद होते.

त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला आमच्या वस्तीतल्या पोरांनी दोन बडगे केले. पहिल्याच्या धडावर डोक्याच्या जागी टीव्हीचे रिकामे खोके होते, हातात काठीचा माइक, गळ्यात पाटी : 'कराचीहून थेट'. दुसरा बुटका होता. पुठ्ठ्याची चौकोनी पेटी, तिला एक फट, फटीतून जिभेसारखे लोंबणारे कुणाचे तरी जुने पासबुक आणि पाटीवर तीन शब्द : 'मशीन बंद आहे'. पोरांनी तो नेमका माझ्या दारापुढे थांबवला आणि 'घेऊन जा गे मारबत' म्हणून मोठा गलका केला. सौ. दारातच हसत सुटल्या. मी चष्मा पुसून पाटीचे शुद्धलेखन तपासले. ते बरोबर होते.